डाएटिशियन होण्याचे देशोदेशीचे रस्ते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की आणि अमेरिकेच्या व्हिसाचा शिक्का बसला की, अशा दोन मोसमांत माझा इनबॉक्स भरतो. पहिल्या मोसमात आईवडील लिहितात, दुसऱ्यात नवऱ्याबरोबर परदेशी निघालेल्या मुली. मधल्या काळात पेशंट विचारत असतात, की आमची डाएटिशियन खरी आहे का? त्याच त्या प्रश्नांची ही एकत्र उत्तरं. नियम बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्याआधी त्या त्या संस्थेचं ताजं पत्रक स्वतः वाचा. माझ्या भरवशावर राहू नका.

१. आहारतज्ज्ञ, डाएटिशियन, न्यूट्रिशनिस्ट हे सगळे एकच ना?

बोलण्यात एकच, कागदावर नाही. आणि कागद कुठल्या देशाचा यावर उत्तर बदलतं.

ढोबळमानाने डाएटिशियन म्हणजे आजारी माणसाच्या पानात काय पडावं हे ठरवायला शिकलेली व्यक्ती. किडनीच्या पेशंटचं पोटॅशियम, नळीतून द्यायच्या फीडचा हिशेब, इन्सुलिनच्या वेळा आणि जेवणाच्या वेळा यांचा मेळ ही तिची कामं. न्यूट्रिशनिस्ट हा शब्द जास्त ऐसपैस आहे. त्यात सार्वजनिक आरोग्य, संशोधन, खेळाडूंचा आहार, खाद्यपदार्थांच्या कंपन्या सगळं येतं, आणि बऱ्याच देशांत ज्याला वाटेल तोही येतो. ब्रिटनमध्ये ‘डाएटिशियन’ कायद्याने राखीव आहे, ‘न्यूट्रिशनिस्ट’ कुणीही म्हणवून घ्यावं. ब्राझीलमध्ये गंमत उलटी: तिथला कायदेशीर व्यवसायच ‘न्यूट्रिशनिस्ट’चा, १९९१च्या कायद्याने बांधलेला. फिलिपिन्सने भांडणच मिटवलं, परवाना ‘न्यूट्रिशनिस्ट-डाएटिशियन’ अशा जोडनावाने मिळतो. दक्षिण आफ्रिकेत दोघांचीही नोंदणी होते, पण वेगवेगळी.

म्हणून नावापेक्षा विचारायचं ते एवढंच: तुमचं नाव कुठल्या नोंदवहीत आहे?

२. मुलगी बारावीला आहे. कोणते विषय हवेत? कॉमर्सवाली असेल तर दार बंद का?

सायन्स, त्यात रसायन आणि जीवशास्त्र असेल तर रस्ता सरळ. होमसायन्सच्या काही कॉलेजांनी इतर शाखांच्या मुलींनाही प्रवेश दिलेला आहे, पण दुसऱ्या वर्षी बायोकेमिस्ट्री समोर आली की त्यांची दमछाक होते, हे मी पाहिलंय. शिवाय परदेशातल्या बहुतेक संस्था अभ्यासक्रमात रसायन, शरीरक्रियाशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र किती होतं ते तासांत मोजतात. पुढे बाहेर जायचा विचार असेल तर आजच सायन्सकडे बघा.

महाराष्ट्रात या शिक्षणाची मुळं होमसायन्समध्येच आहेत. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ साली सुरू केलेल्या एसएनडीटीच्या जुहूच्या आवारातलं होमसायन्स कॉलेज, मुंबईचं निर्मला निकेतन, नागपूरचं एलएडी या ठिकाणांहून कित्येक पिढ्या हॉस्पिटलांच्या डाएट डिपार्टमेंटमध्ये गेल्या. ‘होमसायन्स म्हणजे स्वयंपाक’ असं ऐकवणारे मामा-काका अजून आहेत. त्यांना पहिल्या वर्षाचं बायोकेमिस्ट्रीचं पुस्तक वाचायला द्या.

३. नावापुढे ‘आरडी’ लिहितात ते काय? ते नसेल तर प्रॅक्टिस बेकायदा का?

आरडी म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन. भारतात ही नोंदणी इंडियन डायटेटिक असोसिएशनच्या परीक्षेतून मिळते. ही संघटना १९६३ची. साधारण वाट अशी: पोषण किंवा डायटेटिक्समधली एमएस्सी, नाहीतर डायटेटिक्सचा पदव्युत्तर डिप्लोमा, त्यानंतर मान्य हॉस्पिटलात सहा महिन्यांची इंटर्नशिप, मग परीक्षा. नोंदणी टिकवायची तर पुढेही शिकत राहून गुण जमवावे लागतात.

पण ही व्यावसायिक संघटनेची नोंदणी आहे, सरकारी परवाना नव्हे. आरडी नसलेल्या कितीतरी जणी वर्षानुवर्षं उत्तम काम करतात. मोठी हॉस्पिटलं मात्र जाहिरातीत आरडी मागतात, आणि मागावं असंच माझं मत आहे. सहा महिने वॉर्डात राउंड घेतल्यावर पुस्तकातली ‘सॉफ्ट डाएट’ आणि किचनमधून आलेली सॉफ्ट डाएट यांतलं अंतर कळतं.

एक सावधगिरी: अमेरिकेतही ‘आरडी’ आहे. अक्षरं तीच, माणूस वेगळा. (प्रश्न ८ आणि ९ पाहा.)

४. नवा कायदा आला म्हणतात. त्याने काय बदललं?

संसदेने २०२१ मध्ये राष्ट्रीय सहायक व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. डॉक्टर, नर्स, दंतवैद्य आणि फार्मासिस्ट यांना आधीपासून परिषदा होत्या. आरोग्यसेवेतले बाकीचे बरेच लोक मात्र कायद्याच्या अंगणाबाहेर उभे होते. या कायद्याच्या परिशिष्टात अशा व्यवसायांचे दहा गट आहेत आणि त्यांतला एक पोषणशास्त्राचा. त्यात क्लिनिकल आणि फूड सर्व्हिस डाएटिशियन आहेत, तसेच सार्वजनिक आरोग्य आणि क्रीडा क्षेत्रातले न्यूट्रिशनिस्टही. म्हणजे भारताने दोन्ही शब्द एकाच गटात बसवले.

कायदा दोन पायऱ्या करतो. ‘सहायक’ व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांचं, दोन ते चार वर्षांत विभागलेलं शिक्षण. ‘आरोग्यसेवा’ व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तास, तीन ते सहा वर्षांत. केंद्राची एक नोंदवही आणि राज्य परिषदांच्या आपापल्या, अशी रचना आहे. २०२५ मध्ये आयोगाने दहा व्यवसायांचे एकसारखे अभ्यासक्रम जाहीर केले, त्यांत न्यूट्रिशन आणि डायटेटिक्सही आहे.

कायदा होणं आणि तो आपल्या गल्लीतल्या क्लिनिकपर्यंत पोचणं यांत अंतर असतं, ते इथेही आहे. आज शिकणाऱ्यांनी एवढं करावं: प्रवेश घेताना कॉलेजला विचारावं की अभ्यासक्रम आयोगाच्या आराखड्याप्रमाणे आहे का आणि इंटर्नशिपचे तास लेखी मिळतील का. जुन्या पदवीवाल्यांनी मार्कशीट, इंटर्नशिपचं सर्टिफिकेट आणि अनुभवाची पत्रं एका फायलीत लावून ठेवावीत.

५. नोकरी सांभाळून घरबसल्या एमएस्सी करते. चालेल ना?

हा प्रश्न आता दुखरा झालाय. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये ठरवलं की जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून आरोग्यसेवेशी संबंधित विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवायचे नाहीत. अन्न व पोषणशास्त्र आणि क्लिनिकल न्यूट्रिशन व डायटेटिक्स ही दोन्ही नावं त्या यादीत आहेत.

संसार, मुलं, गावात कॉलेज नाही अशा स्थितीत दूरशिक्षणातून शिकलेल्या बायका मला माहीत आहेत. त्यांच्यावर हा निर्णय कठोर आहे. पण नळीतून फीड द्यायला पीडीएफ वाचून येत नाही, हेही तितकंच खरं. आधी प्रवेश घेतलेल्यांनी आपल्या विद्यापीठाकडून पदवीच्या वैधतेचं लेखी पत्र घेऊन ठेवावं. आजही कुणी ‘यूजीसी मान्य ऑनलाइन एमएस्सी डायटेटिक्स’ विकत असेल तर पैसे द्यायच्या आधी आयोगाचं पत्रक त्याच्यापुढे ठेवा.

६. तीन महिन्यांचा ‘सर्टिफाइड न्यूट्रिशनिस्ट’ कोर्स केलाय. क्लिनिक उघडू का?

शिकलात ते चांगलंच. स्वतःच्या घरासाठी, जिममधल्या सर्वसाधारण सल्ल्यासाठी उपयोग होईल. पण तीन महिने आणि ३,६०० तास यांची तुलना तुम्हीच करा.

‘सर्टिफाइड’ या शब्दाला किती वजन असतं ते ब्रिटिश डॉक्टर आणि पत्रकार बेन गोल्डेकर यांनी छान दाखवलं होतं. त्यांनी अमेरिकेतल्या एका पोषण-सल्लागार संघटनेकडे साठ डॉलर भरून हेन्रिएटा या नावाने प्रमाणपत्र मिळवलं. हेन्रिएटा त्यांची मांजर होती, आणि तेव्हा ती वारलेली होती.

मधुमेह, किडनी, गरोदरपण, कॅन्सर, खाण्याचे मानसिक विकार यांत हात घालू नका. माझ्याकडे डायलिसिसवरचे एक काका आले होते. कुणा ‘कोच’ने त्यांना रोज शहाळं आणि फळांचा रस चालू केला होता. निरोगी माणसाला अमृत. पण किडनी पोटॅशियम बाहेर टाकत नसेल तर तेच हृदयाची लय बिघडवतं. त्या कोचचा हेतू वाईट नव्हता. रिपोर्टमधली पोटॅशियमची ओळ त्याला वाचता येत नव्हती.

७. पेशंट म्हणून मी कसं ओळखू?

थेट विचारा: पदवी कुठल्या विद्यापीठाची, इंटर्नशिप कुठल्या हॉस्पिटलात, नोंदणी क्रमांक काय? शिकलेली बाई या प्रश्नाने चिडत नाही. पहिल्याच भेटीत पावडरचे डबे पुढे आले, डॉक्टरांची गोळी बंद करायला सांगितली किंवा रक्ताचे रिपोर्ट न बघता छापील चार्ट हातात दिला, तर उठा.

८. अमेरिकेत डाएटिशियन व्हायला काय लागतं?

१९१७ मध्ये क्लीव्हलँडला सुरू झालेली तिथली संघटना आज अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन अँड डायटेटिक्स म्हणून ओळखली जाते. अभ्यासक्रमांना मान्यता देणारी शाखा एसेंड, आणि परीक्षा व नोंदणी सांभाळणारी सीडीआर. या दोन नावांत गोंधळ करू नका, अर्ध्या ईमेलमध्ये तोच असतो.

एसेंडमान्य अभ्यासक्रम, किमान १,००० तास देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम आणि शेवटी सीडीआरची संगणकावरची परीक्षा असा क्रम आहे. १ जानेवारी २०२४ पासून परीक्षेला बसायला मास्टर्स पदवी लागते. आधी बॅचलर्सवर भागायचं. नोंदणीनंतर दर पाच वर्षांत ७५ तासांचं पुढचं शिक्षण. आरडी आणि आरडीएन (रजिस्टर्ड डाएटिशियन न्यूट्रिशनिस्ट) ही एकाच नोंदणीची दोन रूपं आहेत. २०१३ पासून ज्याला जे हवं ते लावता येतं.

हे झालं देशपातळीवरचं. परवाना राज्य देतं, आणि राज्याराज्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्याचा एक मासला प्रश्न १५ मध्ये.

९. माझी मुंबईची एमएस्सी आणि भारतातली आरडी आहे. अमेरिकेत सगळं पहिल्यापासून?

सगळं नाही, पण बरंच. भारतातल्या आरडीवर थेट अमेरिकेची आरडी मिळत नाही. पदव्यांचं मूल्यमापन सीडीआरला मान्य असलेल्या एजन्सीकडून करून घ्यावं लागतं. तुमची एमएस्सी तिथल्या मास्टर्सच्या तोडीची ठरली तर २०२४ ची अट सुटते, दुसरी मास्टर्स करावी लागत नाही. पण एसेंडमान्य संस्थेचं पूर्ततापत्र तुमच्याकडे नसतं. त्यासाठी एखाद्या विद्यापीठात दाखल होऊन राहिलेले विषय पुरे करायचे, मग इंटर्नशिप. कुठले विषय राहिले हे त्या विद्यापीठाचा कार्यक्रम-संचालक ठरवतो, म्हणून तीन-चार ठिकाणी विचारा. एका मैत्रिणीला एकाने चार विषय सांगितले, दुसऱ्याने अकरा.

आणि डिपेंडंट व्हिसावर काम करता येतं का, हा वेगळा प्रश्न. त्याचं उत्तर वकील देईल.

१०. ब्रिटनचं कसं?

ब्रिटन सगळ्यांत सुटसुटीत. १९६०च्या कायद्यापासूनच डाएटिशियन सरकारी नोंदणीत आहेत. आज ही नोंदवही एचसीपीसी या नियामक संस्थेकडे असते आणि ती कुणालाही इंटरनेटवर नाव टाकून तपासता येते. मान्य बीएस्सी किंवा पदवीनंतरचा साधारण दोन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यात हॉस्पिटलांतल्या प्लेसमेंट. नोंदणीशिवाय ‘डाएटिशियन’ म्हणवलं तर गुन्हा.

भारतातून जाणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय अर्जाची वाट आहे. आयेल्ट्समध्ये एकूण ७ आणि कुठल्याही भागात ६.५च्या खाली नाही, अशी अट सांगितली जाते. खरी अडचण इंग्रजीची नसते. विद्यापीठाचा सविस्तर, शिक्का मारलेला सिलॅबस आणि प्लेसमेंटच्या तासांचा हिशेब मागतात. आपल्याकडे दहा वर्षांपूर्वीचा सिलॅबस मिळवायचा म्हणजे परीक्षा विभागाच्या खिडकीवर किती चकरा, ते वेगळं सांगायला नको. पदवी हातात पडते त्याच आठवड्यात सिलॅबसवर शिक्का मारून घ्या.

न्यूट्रिशनिस्टांसाठी तिथे असोसिएशन फॉर न्यूट्रिशनची ऐच्छिक नोंदवही आहे. आयर्लंडमध्येही डाएटिशियन हे नाव राखीव आहे, नोंदणी कोरू या संस्थेकडे.

११. ऑस्ट्रेलियात डाएटिशियनला सरकारी परवानाच नाही, हे खरं?

खरं आहे, आणि ऐकून सगळ्यांना धक्का बसतो. तिथे डॉक्टर, नर्स, फिजिओ यांची राष्ट्रीय नोंदणी आहे, डाएटिशियनची नाही. डाएटिशियन्स ऑस्ट्रेलिया ही संघटनाच ‘अॅक्रेडिटेड प्रॅक्टिसिंग डाएटिशियन’, म्हणजे एपीडी, हा दर्जा देते. पण मेडिकेअरचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य विम्याचा, परतावा एपीडीलाच मिळतो आणि हॉस्पिटलंही तोच मागतात. सक्ती नसून सक्ती झाली. बाहेरून आलेल्यांची आधी कागदपत्रं तपासतात, मग परीक्षा.

शेजारच्या न्यूझीलंडमध्ये मात्र २००३च्या कायद्याखाली डाएटिशियन्स बोर्ड आहे आणि नाव राखीव आहे.

१२. कॅनडा अमेरिकेसारखाच असेल ना?

नाही. तिथे नोंदणी प्रांताच्या ‘कॉलेज’कडे असते. हे कॉलेज शिकवत नाही, नियमन करतं. कित्येक जण त्यालाच प्रवेश-अर्ज पाठवून बसतात. ‘डाएटिशियन’ सर्व प्रांतांत राखीव. ‘न्यूट्रिशनिस्ट’ क्वेबेकसारख्या काही प्रांतांत राखीव, ओंटारियोत मोकळं. बहुतेक प्रांतांत कॅनडाची नोंदणी परीक्षा द्यावी लागते, क्वेबेक त्याला अपवाद, पण तिथे फ्रेंच हवं. टोरंटोला बहीण आहे म्हणून ओंटारियो निवडण्याआधी तिथल्या कॉलेजचं परदेशी पदव्यांसाठीचं पान नीट वाचा.

१३. दुबईत लवकर काम होतं म्हणतात?

तुलनेने, हो. परवाना देणारी खाती वेगवेगळी: दुबईला डीएचए, अबू धाबीला डीओएच, इतर अमिरातींसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालय. ज्या अमिरातीत नोकरी, तिथला परवाना. आधी डेटाफ्लो या कंपनीकडून कागदपत्रांची मुळापर्यंत पडताळणी, मग संगणकावरची परीक्षा. पदवी आणि हॉस्पिटलातला अनुभव दोन्ही पाहतात.

अडकतं ते पडताळणीत. डेटाफ्लो तुमच्या जुन्या हॉस्पिटलाला थेट विचारतं. ते हॉस्पिटल बंद पडलेलं, एचआर बदललेला, किंवा अनुभवपत्रावरची तारीख आणि त्यांच्या रजिस्टरमधली तारीख यांत महिन्याचा फरक, की फाइल लोंबकळली. नोकरी सोडतानाच पत्रातल्या तारखा तपासा.

१४. पदवीशिवायही डाएटिशियन होता येतं असा देश आहे का?

जर्मनी. तिथला ‘डिएटअसिस्टेंट’ विद्यापीठात नव्हे, व्यवसाय-शाळेत तयार होतो: तीन वर्षं, ३,०५० तास वर्गात आणि शिक्षण-स्वयंपाकघरात, १,४०० तास प्रत्यक्ष कामावर, शेवटी राज्य परीक्षा. हे नाव १९९४च्या कायद्याने राखीव आहे. विद्यापीठातून पोषणशास्त्र शिकलेले वेगळे. आणि ‘आहार-सल्लागार’ या अर्थाचा त्यांचा शब्द मोकाट आहे, कुणीही वापरावा. मला ही पद्धत आवडते, हाताने काम करणाऱ्याला कायद्याने मान दिलाय. जर्मन भाषा चांगली यावी लागते, हे ओघाने आलंच.

जपानमध्ये दोन पायऱ्या आहेत. ‘एइयोशी’ला दोन किंवा जास्त वर्षांच्या शिक्षणानंतर, परीक्षेविना, प्रांताच्या राज्यपालाकडून परवाना. ‘कान्री एइयोशी’ला मात्र वर्षातून एकदाच होणारी राष्ट्रीय परीक्षा. १९४७चा कायदा, १९६२ पासून दुसरी पायरी. युद्धानंतरच्या उपासमारीत सुरू झालेली ही व्यवस्था आज शाळेच्या जेवणापर्यंत पोचली आहे. २००५ पासून तिथे शाळांत पोषण-शिक्षक असतात.

१५. मी न्यू जर्सीत आहे, नोंदणी नाही. मराठी मंडळातल्या मैत्रिणींना दिवाळीनंतरचं डाएट सांगितलं तर गुन्हा का?

राज्य बघा, पैसे घेता का ते बघा आणि सल्ला कुणाला देता ते बघा.

फराळात शेवेऐवजी भाजके पोहे ठेवा, बासुंदीची वाटी लहान घ्या, हे मंडळाच्या व्यासपीठावर सांगायला कुठलंही राज्य अडवत नाही. ती सर्वसाधारण माहिती झाली. एकीचे रिपोर्ट बघून तिच्यापुरता तक्ता आखून दिला आणि फी घेतली, की काही राज्यांत तो परवान्याचा व्यवसाय ठरतो. फ्लोरिडात एका हेल्थ कोचला २०१७ मध्ये पाचशे डॉलर दंड आणि वर खर्च भरावा लागला. ती भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर कोर्टात गेली, पण २०२२ मध्ये अपील न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला. हे कायदे सतत बदलतात, तेव्हा तुमच्या राज्याच्या बोर्डाचं संकेतस्थळ पाहा.

१६. आणि मी पुण्यात बसून व्हिडिओ कॉलवर अमेरिकेतल्या क्लायंटना सल्ला दिला तर?

हा सगळ्यांत अवघड, आणि हल्ली सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न. तिथल्या परवाना-कायद्यांचा सर्वसाधारण कल असा, की पेशंट जिथे बसलाय तिथे सेवा दिली गेली. तुम्ही पुण्यात आहात याने ते राज्य सुटत नाही. पुण्यातल्या बाईवर तिथलं बोर्ड कारवाई कशी करणार, असं सगळ्या विचारतात. बहुधा नाही करणार. पण ते कायदेशीर असण्यापेक्षा वेगळं आहे, आणि तुमचा इन्शुरन्सही तिकडच्या दाव्यासाठी उभा राहीलच असं नाही. मी स्वतः नातेवाइकांनाही एवढंच सांगते: तुझ्या डॉक्टरकडून तिथल्या आरडीएनचं नाव घे. पोळीत किती कार्ब असतं हे तिला कळलं नाही तर तेवढं मला विचार.

१७. मी बीएएमएस आहे. पथ्य सांगणं तर माझ्या शिक्षणातच आहे. मला वेगळं सर्टिफिकेट कशाला?

भारतात तुम्ही नोंदणीकृत वैद्य आहात आणि पथ्यापथ्य तुमच्या शास्त्राचाच भाग आहे. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. पण पाटीवर ‘क्लिनिकल डाएटिशियन’ लिहायचं असेल तर ती वेगळी पात्रता आहे (प्रश्न ४). परदेशात बीएएमएसवर डाएटिशियनची नोंदणी मिळत नाही. पोषणशास्त्राची पदवी मुळापासून दाखवावी लागते. हेच उत्तर एमबीबीएस, बीएचएमएस आणि जिम-ट्रेनर यांनाही. ट्रेनरला पहिलं वाक्य मात्र लागू नाही.